उभी राहणारी

मसाकाच्या कोर्टात मी दुभाष्या.
मॅजिस्ट्रेटबाईंचं इंग्रजी लुगांडात ओतायचं,
लुगांडा इंग्रजीत.
सांडू द्यायचं नाही, एवढीच नोकरी.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर,
वास्वाचं नाव पुकारलं.
तुरुंगाचे पिवळे कपडे, खांद्यावर उसवलेले.
आरोप : बोटीचं इंजिन चोरल्याचा.
चोरलं की नाही, ते आज कुणी विचारणार नव्हतं.
आजचा प्रश्न एकच,
सोडलं तर परत येशील का?

"राहण्याचा कायमचा पत्ता?"
तो म्हणाला, मुकेने जिथे, तिथे मी.
मुकेने म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी.
काळोख्या रात्री पाण्यावर कंदील धरला
की आपण होऊन वर येते.
चांदणं वाढलं की हा जाळी शिवतो,
होडीतच झोपतो,
आणि होडी काय, आज लांबूच्या धक्क्यावर, उद्या बेटावर.
मी सगळं सांगितलं, कंदिलासकट.
सरकारी वकिलांनी मान वर केली नाही.
"पत्ता नाही. फरार होईल."

मग त्याची आत्या, नालुब्वामा.
गोमेसीच्या टोकदार बाह्या इस्त्री केलेल्या,
हातात गावच्या चेअरमनचं पत्र :
शिक्का जांभळा, दहा हजार शिलिंगांचा.
जमिनीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी दुसऱ्या पिशवीत.

"जामीनदाराला आपली जबाबदारी समजते का?"
आमच्या भाषेत जामीनदार म्हणजे ओम्वेयिमिरिझी,
दुसऱ्यासाठी उभा राहणारा.
बाई सकाळी नऊपासून उभ्याच होत्या.
बाकावर जागा नव्हती.

म्हणाल्या, समजते.
हा आला नाही तर माझी केळीची बाग जाईल.
आणि पत्ता विचारत होता ना, तो लिहून घ्या :
बागेच्या डाव्या अंगाला माझ्या भावाची कबर,
तिच्या पायथ्याशी याच्या जुळ्याची, काटोची, तीन वर्षांचा होता.
मधली जागा मी कुणाला दिलेली नाही.
तिथे साधं रताळंसुद्धा लावत नाही.
हा जाईल जाईल, आणि जाईल कुठे?

मॅजिस्ट्रेटबाईंचं पेन थांबलेलं.
मी इंग्रजीत म्हटलं,
"कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन आहे."
बाकीचं सांडलं.

जामीन मंजूर. रोख पाच लाख,
दर पंधरवड्याला हजेरी.
पैसे बँकेत भरून पावती आणायची.
बँक चारला बंद होते;
भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा.
शनिवारी बँक अर्धा दिवस उघडी,
पण पावती बघून सही करणारं कोर्ट बंद.
आणि आत्याबाईंच्या कमरपट्ट्यात तीन लाख वीस हजार,
हे अजून कुणी विचारलंच नव्हतं.

वास्वाने मला खुणेनं विचारलं, सोडलं?
मी मान हलवली, हो.
तेवढ्यात शिपायाने त्याला दंडाला धरून
तुरुंगाच्या गाडीकडे वळवलं.
तो माझ्याकडे असा बघत राहिला,
जणू मीच दोनपैकी एक भाषा खोटी बोललो.

अंगणात आत्याबाईंनी गाठलं.
सोमवारी किती वाजता येऊ?
नऊला, मी म्हटलं. सवयीनं.
कोर्ट अकराच्या आत भरत नाही,
हे त्या फाटकाबाहेर गेल्यावर आठवलं.