बारावं अक्षर

श्रावणजी हेडाऊ आमच्या प्रेसमध्ये यायचे
बरोबर साडेतीनला, भर उन्हात,
दुपट्टा कानाला गुंडाळून.
पिशवीत खंडकाव्य. पाच सर्ग, वहीचे कागद.
इतवारीच्या बोळात आमचा एकच कूलर,
तो मी त्यांच्याकडे वळवून ठेवायची.
कागद उडायचे, आणि उदाजीही.

उदाजी म्हणजे नायक.
भोसल्यांच्या फौजेतला स्वार,
छाती अशी, डोळे तसे, मिशीला बेचाळीस ओळी.
सीताबर्डीच्या टेकडीवरची लढाई,
तिला दोन सर्ग.
कोष्टीपुऱ्यात मागावर एक बाई बसलेली,
तिला दीड श्लोक.
घोड्यालासुद्धा नाव होतं.
मी विचारलं, हिचं नाव काय?
म्हणाले, नायिका.

    निघाला निघाला निघाला शिपाई
    रणाची तयाला किती थोर घाई

हे म्हणताना ते बोटांची पेरं मोजत.
चार बोटं, बारा पेरं, बारा अक्षरं.
फक्त करंगळीचं टोक
अंबाझरीच्या फॅक्टरीत यंत्राखाली राहिलेलं.
तिथं एकतीस वर्षं तोफगोळ्यांची कवचं
गेज लावून तपासली त्यांनी,
हा पास, हा नापास.
एकही पडताना पाहिला नाही.
बारावं अक्षर ते हवेत मोजायचे.

मला उदाजी आवडायचा, खोटं कशाला सांगू.
टाइप करता करता मीही दोनदा
दारात जाऊन उभी राहिले त्याच्यासाठी.
पण माणूस कसा होता?
तीन वेळा गेला, तिन्ही वेळा
आरशाला सांगून गेला, तिला नाही.
लढाईत त्याला दिसली स्वतःची तलवार
आणि तलवारीत स्वतःचा चेहरा.
अठ्ठ्याण्णव श्लोकांत कोणी पाणी मागत नाही.
मी म्हटलं, काऊन बाप्पा, श्रावणजी,
एवढ्या फौजेत एकालाही तहान नाही?
ते रागावले. प्रुफं न घेताच गेले.

एक मेला किल्ला लोकांसाठी उघडतात.
ते चढून गेले, एकटे, पंचेचाळीस डिग्रीत,
बाटली घरी विसरून.
दुसऱ्या दिवशी आले तर ओठ फाटलेले.
'वर काही नाही,' म्हणाले. 'जळलेलं गवत.
पहाऱ्यावर एक शिपाई होता, पोरगाच.
पुसे, काका, चक्कर येऊन राहिली काय?
त्याच्याच बाटलीतून प्यालो.'
मग बऱ्याच वेळानं,
'मिशी फुटली नव्हती अजून त्याला.'

चौथ्या सर्गाची अकरा पानं
त्यांनी माझ्यासमोर शिसपेन्सिलीनं खोडली,
सावकाश, गेज लावत असल्यासारखी.
तलवार नापास. घोडा नापास.
उदाजी तेवढा उरला,
पहाटे टेकडी उतरणारा,
मेलेला नाही, जिंकलेला नाही.
नाग नदीत हात धुतो, पुन्हा धुतो,
मागाच्या खटखटीपाशी येऊन थांबतो,
आत जात नाही.
खाली एकच नवी ओळ:

    तिनं विचारलं, हे रक्त कोणाचं? त्याला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, वृत्तात बसत नाही ही.
ते मोजू लागले. पहिलं बोट, दुसरं, तिसरं.
पेरं संपली, हवेतलं तेही संपलं,
अक्षरं उरलीच.
'राहू दे,' म्हणाले. 'टाइप कर.'

तिचं नाव अजून ठरलेलं नाही.
तिथं मी तीन टिंबं ठेवली आहेत.
कूलरमधलं पाणी संपलंय,
उठून भरायला हवं.