किंचित उतरलेला

आडनाव हिरवे, आणि वाजवायचे ब्लूज.
या विनोदावर परदेशीपुऱ्यात कुणी कधी हसलं नाही,
कारण ब्लूज म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं कुणाला.
हिरवे मास्तरांना तरी कुठे होतं नीट.

महूचा एक रेल्वे गार्ड, नॉर्मन रोबक,
एकोणसत्तर साली पर्थला निघाला तेव्हा
सव्वाशे रुपयांच्या उसनवारीपोटी
गिटार देऊन गेला, आणि दोन तबकड्या.
मच्छरदाणीत गुंडाळून ती आली छोट्या लाइनच्या गाडीनं.
शालिनीवहिनींनी मच्छरदाणी ठेवून घेतली,
ती कामाची होती.

तबकडीत एक माणूस घोगऱ्या इंग्रजीत गायचा.
मास्तरांना त्यातले तीनच शब्द कळले :
मालक, गाडी, बाई.
एवढ्यावर भागतं, म्हणायचे,
आपल्या खात्यात तरी चौथं काय असतं?

वाइंडिंगमधली लोखंडी कांडी
करवतीनं कापून, कानशीनं घासून
त्यांनी करंगळीत चढवली
आणि तारेवरून ओढली.
गंधार निघाला, कोमल नाही, शुद्ध नाही,
सायकलवरून पडता पडता
सावरलेल्या माणसासारखा.

सूर लावायला घरात पेटी नव्हती.
पहाटे भोंगा व्हायचा,
तो संपायच्या आत जाड तार पिळून घ्यायची.
भोंगा 'ई'च्या जरासा खाली होता
हे कळलं मुंबईत, अठ्ठ्याहत्तर साली.
काचेपलीकडून अरेंजर ओरडला,
इंदूरवाले, तुमची गिटार बसलीय!
मास्तरांनी चढवली. वाजवलं. पाकीट घेतलं.
"पण ते मी नव्हतो वाजवत," मला म्हणाले,
"पाकीट वाजत होतं."
चौथ्या दिवशी परत.
रजाच तेवढी होती.

पुढं कारकीर्द म्हणाल तर
लग्नं, शीतल ऑर्केस्ट्रा,
आणि अनंत चतुर्दशी.
रात्रभर मिलची झांकी चालायची,
प्लायवूडचा कैलास, वर फिरती गंगा,
आणि कैलासाच्या मागे
जनरेटरला पाठ टेकून हिरवे मास्तर.
रस्त्यावर लाखभर माणसं.
एकालाही दिसत नसत.
जेल रोडवर झांकी अडकली, तासभर हलेना,
की भजनातून ते हळूच निसटायचे.
कांडी सरकायची,
आणि खाली पोहे खात उभा असलेला
एखादा बदली कामगार मान वर करायचा :
हे कैलासाला काय होऊन राहिलं?

मी तेव्हा चौदाचा. बल्बच्या वायरी धरून बसायचो.
त्यांनी मला शिकवलं ते एवढंच :
"घाई नको करू. पाळी आठ तासांची असते."

मग भोंगा बंद झाला.
गेटवर धरणं, वकील, थकबाकीचे कागद.
मास्तर दरीवर बसून वाजवत.
पहिल्या महिन्यात लोक ऐकत होते,
सहाव्यात म्हणाले, अहो, काहीतरी आनंदाचं वाजवा.
वाजवलं.
तेही तिथंच उतरलं.

थकबाकी आली तेव्हा मास्तर नव्हते.
भेटायला गेलो तर शालिनीवहिनी
गवारीच्या शेंगा मोडत म्हणाल्या,
"खरं सांगू? भोंगा थांबला ते बरंच वाटलं मला.
तीस वर्षं त्याच्या आधी उठले, डब्यासाठी.
यांना त्यात सूर ऐकू यायचा.
मला ऐकू यायचं : पोळ्या राहिल्यात."
आणि आत जाऊन गिटार आणून दिली,
या वेळी जुन्या चादरीत.

परवा मुलीनं मोबाइलवर ट्यूनर लावला.
काटा येतो, मधल्या रेघेच्या अलीकडे थांबतो,
रेघ काही हिरवी होत नाही.
"बाबा, अजून थोडं पिळा ना."
खिडकीतून चिमणी दिसते,
तिच्या कडेला पिंपळ फुटलाय.
मी खुंटी धरून बसतो,
म्हणतो, थांब जरा,
भोंगा होऊ दे.