बाद मालातला एक

चाळीस पाय. त्यातला एक वाकडा,
नखाने हळूच सरळ केला.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर हिरवी पाटी,
तांब्याच्या रेघा, राळेचा धूर,
आणि सकाळपासून विसळायचा राहिलेला कॉफीचा कप.

एर्फुर्टच्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसायचो.
मी याला खाचेत बसवायची, खटका दाबायची.
लाल दिवा लागला की गुड्रुन
त्याच्या पाठीवर पिवळा ठिपका द्यायची,
नखाला रंग लावावा तितक्या निगुतीने.
बाद.
बाद माल छंदिष्ट पोरांना स्वस्तात मिळे.
याचा गुन्हा काय, तर अडीच मेगाहर्ट्झला
धाप लागली.
पुढे भिंत पडली, कारखाना मिटला,
आणि आमच्याही पाठीवर कुणीसा रंग लावून गेला.
असो.

स्मृती अजून जोडलेली नाही.
माहितीच्या आठही तारा मी शून्याला बांधल्यात.
म्हणजे हा ज्या दारात जाईल तिथे
एकच उत्तर: शून्य.
याच्या भाषेत त्याचा अर्थ,
काही करू नकोस, पुढचं दार बघ.
पासष्ट हजार पाचशे छत्तीस दारं,
मग पुन्हा पहिलं.
शेवटच्या तारेवर एक दिवा. एवढीच परीक्षा.

तीन संध्याकाळी दिवा ढिम्म.
डाग पुन्हा दिले. भिंगाखाली रेघ न् रेघ पाहिली.
याला शिव्याही दिल्या, सॅक्सनीतल्या आजोळच्या.
चौथ्या दिवशी भांडी घासताना आठवलं:
चोविसावा पाय!
‘थांब’ ऐकण्याचा पाय मी मोकळाच सोडला होता,
आणि हा गुणी बाळ
हवेतलं काहीबाही ऐकत
थांबून राहिला होता.

एक छोटा रोध, पाच व्होल्टकडे.
ओल्या हातानेच.

आणि चालला की! नाकासमोर,
दारामागून दार, काहीही न करत.
दिवा मंद, पण लागतोय, विझतोय.

गुड्रुनला फोन लावला, श्टुटगार्टला, लेकीकडे असते.
“कितीवर चालवतेस?”
“एक मेगाहर्ट्झ.”
“मग चालणारच. मी तेव्हाच म्हटलं होतं.”
(म्हटलं नव्हतं.)
“सांग ना, कसा दिसतोय?”

तर मी सांगू लागले:
लागला, गेला, लागला, गेला, लाग…
सेकंदाला जवळजवळ चार वेळा.
जीभ मागे पडली,
मलाच धाप लागली,
आणि तिकडे ती हसत सुटली.