चिक-चर्र

जुलै. टोकोरोआत गवतावर हिव इतकं जाड
की मुलांच्या अनवाणी पावलांची ये-जा
फाटकापासून वर्गापर्यंत वाचता येते.
कागदाच्या गिरणीचा वास आज खालीच बसलाय,
उकडलेल्या कोबीसारखा.
आम्हाला तो येत नाही. पाहुण्यांना येतो.

दप्तरांच्या खुंट्यांखाली, हीटरजवळ, दोन बुटकी स्टुलं.
एकावर मी, गुडघे हनुवटीशी.
दुसऱ्यावर तांगीमेतुआ, वय सहा वर्षं दोन महिने,
एक दात हलता, त्याच्याशी जिभेचा सारखा चाळा.
पुस्तक नवं, पिवळ्या टोपलीतलं.
शब्द मोजून शंभर,
टक्के काढताना माझं डोकं अडू नये म्हणून.

तो वाचतो, मी खुणा करते.
बरोबर शब्दाला बरोबरची खूण.
चुकला तर त्याचा शब्द वर, पुस्तकातला खाली,
मधे आडवी रेघ, अपूर्णांकासारखी.
मागे फिरून स्वतःच सुधारला, तर चूक धरायची नाही.
हा नियम तेवीस वर्षांत
मला शाळेबाहेर कुठे भेटला नाही.

गेल्या वेळी त्याच्या सुधारणा अकरा.
तो कागद मी स्टाफरूममध्ये मिरवला होता.
"बघ, कसा स्वतःला ऐकतो!"
आणि नोलीनने मला केकचा मोठा तुकडा दिला होता.

आजही तसंच.
बरोबर, बरोबर, बरोबर, मग "होम".
पुस्तकात "हाऊस".
मी रेघ ओढायला थांबते,
तो लगेच मागे: "हाऊस".
पुढच्या पानावर "वेंट". पुस्तकात "वॉन्ट".
मी थांबते. "वॉन्ट".

तेव्हा दिसलं.
मान पुस्तकाकडे, पण कान
माझ्या मांडीवरच्या पॅडवर.
बरोबरची खूण दोन फटकाऱ्यांची, एक तोकडा, एक लांब.
चिक-चर्र. चिक-चर्र.
चर्र आलं नाही की याला कळतं,
काहीतरी बिनसलं.

पोरगा मला वाचत होता.
अकराच्या अकरा वेळा.

असं ऐकायला कुठे शिकतं सहा वर्षांचं मूल?
बाप गिरणीत रात्रपाळीला, दिवसा झोपतो.
भिंती पातळ.
चमचा किती हळू ठेवायचा
हे त्या घरात धाकट्या बहिणीलाही पाठ असणार.
मला राग नाही आला. लाज वाटली थोडी. केकची.

मग मी पेन्सिल थांबवायचीच नाही असं ठरवलं.
तो बरोबर असो, चुको, अडो,
चिक-चर्र, चिक-चर्र,
कोपऱ्यात नुसत्या खोट्या खुणा, खरं सगळं डोक्यात.
तो गोंधळला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.
मी हीटरकडे.

पान सात. चित्रात एक बाई, गुडघाभर पाण्यात,
काहीतरी ढकलतेय.
शब्द "बोट". त्याचं बोट त्याच्यावर.
जीभ दातामागे.
कुणाची मदत नाही, पेन्सिलीचीसुद्धा.
मग चित्राकडे बघत, मोठ्यांदा:
"वाका."

आजीच्या बेटावरचा शब्द. होडीच ती.
अर्थ जुळतो, वाक्य चालतं,
पहिल्या अक्षराचा पत्ता नाही.
आणि तो मागे फिरला नाही.

नियमाने चूक. मी लिहिली,
वर वाका, खाली बोट, मधे रेघ.
एकूण चुका तेरा. सुधारणा, पान तीननंतर, शून्य.
पुस्तक जड. उद्यापासून परत लाल टोपली.
नोलीनला सांगावं लागेल. केक मीच नेईन.

"सगळं बरोबर, मिस?"
"त्या बाईचं काय झालं, ते सांग."
तर म्हणतो, तिला घाई आहे,
ओहोटी लागली की वाका खडकावर बसतो,
मग मामा ओरडतो.
पुस्तकात ओहोटी नाही. मामा नाही.
माझ्याकडे त्याला खूण नाही.
पेन्सिल खाली ठेवली तरी तो बोलतच होता.

मधल्या सुट्टीत त्याचा दात पडला.
निळ्या टिश्यूत गुंडाळून दाखवायला आणला,
आणि मी उघडेपर्यंत
माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.