तीन पुरेत

फेल्बर्टच्या पबमागची खोली. गुरुवार.
वीब्के टेबलावर संच उलगडते:
बत्तीस काड्या, चकचकीत, रबरी मुठी,
खोक्यावर छापलेलं, व्यावसायिक दर्जा.

हेनिंग एक उचलतो, अंगठ्यानं दाबतो.
वाकते, आणि वाकलेलीच राहते.
"पोलाद वाकलं की परत येतं," तो म्हणतो,
"हा पत्रा."

चाळीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात गेली,
त्यांच्याबरोबर कानही.
आता चर्चची घंटा त्याला
शेजाऱ्यांच्या माना वळल्या की कळते.

त्याच्या चामडी घडीत तीनच नग:
एक आकडा,
एक अर्ध्या शंकरपाळ्याच्या टोकाची,
एक ताण धरायची पट्टी.
कडा पॉलिशपेपरनं इतक्या घासलेल्या
की जिभेवरून फिरवा.
मूठ उघडी, नुसतं पोलाद.
"रबर हाताला मऊ. पण निरोप गिळतं."

मग आपली काडी तिला देऊन
स्वतःच्याच सायकलचं कुलूप पुढे सरकवतो.
दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही,
या खोलीत एवढा एकच कायदा.

पहिली पिन. दुसरी.
तिसरी हटून बसते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी.
चौथीची टिक्
बिअरच्या गलक्यात वीब्केला ऐकू येत नाही.
हेनिंगचं बोट कुलपाच्या पाठीवर.
तो मान हलवतो: बसली.
आता परत तिसरी.

कडी सुटते.
वीब्के इकडेतिकडे बघते, कुणाला सांगू?
तोवर त्यानं कुलूप दाबून
पुन्हा लावलेलंही असतं.

"आता डाव्या हातानं."