कळ

किटिलाहून रोवानिएमी, दीडशे किलोमीटर,
रस्त्यात दोनदा रेनडिअर आडवे आले
आणि दोन्ही वेळा हेलिनाने त्यांना, नवऱ्याला, सरकारला
एकाच दमात शिव्या घातल्या.
हे नवऱ्यानेच सांगितलं, टोपी काढता काढता.

आता पहाटेचे सव्वातीन.
माझं मनगट तिच्या मुठीत.

मी सुईण. सुई मात्र राइमोची.
तो येतो, हात धुतो, फारसं बोलत नाही.
"पाठ बाहेर काढ, चिडलेल्या मांजरासारखी."
ती म्हणते, मांजरच आहे मी.
दोन कळांच्या मधे जेवढी फट
तेवढ्यात त्याला पोचायचं असतं.
मी तिचे खांदे धरून उभी,
तिचं कपाळ माझ्या गळ्याशी,
केसांना अजून संध्याकाळच्या सौनाचा,
बर्चच्या पानांचा वास.
मला फक्त राइमोचा अंगठा दिसतो:
दट्ट्या दाबतो, अडतो, दाबतो, अडतो,
आणि मग एकदम
काहीच अडत नाही,
कुणी आतून कडी काढावी तसं.
दोऱ्याएवढी नळी आत सरकते.
राइमो श्वास सोडतो. तेवढंच त्याचं बोलणं.

वीस मिनिटांनी बर्फाचा खडा घेऊन
मी तिच्या अंगावरून फिरते.
खांद्यावर? गार.
बरगडीवर? गार.
बेंबीशी? नुसता तुझा हात.
मांडीवर?
तू आहेस, एवढं कळतं.

कळ गेली, कळणं राहिलं.
मॉनिटरवर डोंगर चढतो, उतरतो,
ती बघते, परक्या गावचं हवामान बघावं तशी.

माझी आई सौनातच जन्मली.
आजीच्या दातांत टॉवेलची गाठ होती,
हूं की चूं केलं नाही म्हणे.
घरात हे अभिमानाने सांगतात.
तिला दुसरं काय हवं होतं
हे कुणी विचारल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

हेलिना आता सगळ्यांची माफी मागते,
रेनडिअरांचीसुद्धा. सरकार तेवढं वगळते.
बाहेर किती, विचारते.
उणे एकतीस.
"मग काही विशेष नाही,"
आणि झोपते, तोंड उघडं टाकून.
नवराही खुर्चीत कलंडलेला.
बाळ तेवढं आपल्या कामाला लागलेलं,
खाली, हळूहळू, कुणाला न उठवता.

मी चादर सारखी करते.
या खोलीत आता दुखतंय
ते फक्त माझं मनगट,
चार नखं रुतलेली, लालभडक.
खडा अजून पुरता विरघळला नाही.
मी तो तिथे धरून बसते.