पंखा कुठे आहे

लेलंड, लाटेचं नंतर बोलू.
आधी ट्रेलर उतारावरून मागे घे. सावकाश. हं, बस्स.
बोट वर आली की गुडघ्यावर बस,
मागून वाकून बघ:
पंखा कुठे आहे?

दिसला ना.
शेवटच्या फळीच्याही मागे, उघडा,
तीन पाती, कडा घासून उजळलेल्या,
रोज हाताखालच्या सुरीसारख्या.
डॅरलनं ही बोट मासे धरायला घेतली.
वॉलआयसाठी झकास आहे,
ऑक्टोबरच्या गारठ्यातही एका झटक्यात चालू होते.
तिचा काही दोष नाही.
पण तिच्या मागे लाटेवर उभं राहायचं नाही.

स्की करतोस, ठाऊक आहे मला.
तेव्हा मध्ये सत्तर फूट दोर असतो,
तू पडेपर्यंत बोट लांब गेलेली असते.
इथे दोर फेकून द्यायचा.
गंमत तीच, आणि घोरही तोच:
हात मोकळे, बोट दोन ढांगांवर,
आणि लाट तुला सारखी तिच्याकडेच लोटत असते.

ओस्टबींच्या बोटीखाली घुसून बघ एकदा.
तिचा पंखा पोटाखाली, सुकाणूच्याही पुढे,
मागून हात घातलास तरी लागणार नाही.
पलीकडे भाड्यानं देतात, तिचे पंखे तर पुढे तोंड करून बसलेत.
आणि ती जेटवाली, तिचा पंखा नळीत आहे,
म्हणून मोकळ्या केसांनी तिच्याखाली पोहायचं असं नाही.
तिला ओढायची सवय आहे.

भिंतीवरचा तो वाकडा पंखा?
गिऱ्हाईक विचारतात. मी म्हणते, दगड लागला.
तुला खरं सांगते, दगड नव्हता.
ती ओस्टबींसारखीच बोट होती. चांगली. पोटाखाली पंखा असलेली.
पोरगी पडली, तिला घ्यायला बाप मागे मागे आला,
रिव्हर्समध्ये.
मागे येणारी बोट आंधळी असते, लेलंड.
पोरगी वाचली, आता डुलुथला शिकवते,
उन्हाळ्यातही लांब पँट घालते.
ते पातं मी अर्ध्या तासात ठोकून सरळ केलं असतं.
नाही केलं.

तर शनिवारी ओस्टबींकडे जा. जॅकेट घाल.
पडलास की हात वर कर आणि जागचा हलू नकोस,
बोट वळून येईल, पुढच्या अंगानं, तू ड्रायव्हरच्या बाजूला दिसत राहशील अशी.
ते म्हणतील, ये, न्यूट्रलमध्ये आहे.
न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे.
मागच्या फळीवर रेंगाळूही नकोस, तिथल्या धुराला
वास नसला तरी चक्कर असते.

चावी फिरली की आधी कान बधिर वाटतात,
मग फळीखाली पाण्याची चुळचुळ ऐकू येते,
कधी पलीकडच्या लव्हाळ्यातून लून.
तेवढं ऐकू आलं
की शिडीला हात लाव.

आता तो दहाचा पाना दे इकडे.
बोट वर आलीच आहे,
तर तेल बदलून टाकू.